तेलाचा पीपा किती दिवस जातो, तिथून सुरुवात करू

पत्र थोडक्यात: "नागपुरात मानेवाड्याला राहते. यजमान ४६ वर्षांचे, इतवारीत कापडाचं दुकान, दिवसभर गादीवर बसून काम. सासरे ५४व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले, म्हणून मीच मागे लागून यांची तपासणी करवली. एकूण कोलेस्ट्रॉल २२६, एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) १४८, एचडीएल (चांगलं) ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०. बीपी दोनदा १४२/९०च्या आसपास. शुगर काठावर. वजन ७८ किलो, उंची पाच फूट सहा इंच. डॉक्टर म्हणाले, तीन महिने खाणं सुधारा, मग गोळीचं बघू. यांना गोळी नकोच, नैसर्गिक काही हवंय. व्हॉट्सअ‍ॅपवर लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगर-मधाचा काढा आलाय, नणंदबाई लौकीचा (दुधी भोपळ्याचा) रस सुचवतात, शेजारचे काका अर्जुनाची साल. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, सासूबाई, १४ आणि १० वर्षांची मुलं. सोयाबीन तेलाचा १५ किलोचा पीपा अडीच महिने जातो. मिठाचा किलोचा पुडा २५ दिवस. साखर महिन्याला पाच किलो. रविवारी सावजी मटण ठरलेलं. घाण्याचं तेल सुरू करू का? तूप बंद करू का? (खर्रा खातात, दिवसाला तीनेक. पण सिगारेट-दारू अजिबात नाही.)"

ताई, पत्रातली सर्वांत मोठी गोष्ट तुम्ही शेवटी कंसात टाकलीत. खर्रा. "पण सिगारेट नाही" यातला "पण" हृदयाला कळत नाही. घोटलेल्या सुपारी-तंबाखूत चुना असतो. त्या चुन्यामुळे निकोटीन गालाच्या अस्तरातून भराभर रक्तात उतरतं. ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, आणि तोबरा जितका वेळ गालात तितका वेळ हे चालू राहतं. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका तंबाखूला हात न लावणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळला. तेव्हा तेल-तुपाचं खाली जे सांगणार आहोत ते सगळं केलं आणि खर्ऱ्याची पन्नी खिशात राहिली, तर मेहनतीचा मोठा भाग वाया गेला असं समजा.

सोडायचा तो तारीख ठरवून, एकदम. पहिले तीन दिवस सर्वांत वाईट जातात: चिडचिड, डोकं जड, झोप उडणं. दोन-तीन आठवड्यांत ते ओसरतं. तलफ येते ती पाच-सात मिनिटांची असते, तेवढी काढायची. दुकानात ती नेमकी कधी येते ते आठवडाभर लिहून ठेवायला सांगा. बहुतेक चहानंतर, जेवणानंतर आणि कुणी व्यापारी पन्नी पुढे करतो तेव्हा. त्या वेळेला हाताशी भाजलेली बडीशेप, ओवा, लवंग असू द्या. साधी सुपारी चालेल, असं म्हणू नका. सुपारी स्वतःच घातक आहे. निकोटीनचं २ मिलिग्रॅमचं गम औषधाच्या दुकानात मिळतं, पण बहुतेक जण ते चुइंगमसारखं चघळतात आणि "उचकी लागली, मळमळलं" म्हणून फेकतात. चार-पाचदा चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. आधीच्या पंधरा मिनिटांत चहा किंवा लिंबू-सरबत नको, आंबटपणामुळे निकोटीन शोषलंच जात नाही. बीपी वाढलेलं आहे, म्हणून गमबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत फोनसेवा आहे, तिथे समुपदेशक बोलतात.

आता स्वयंपाकघर. काय नवीन घ्यायचं हे तुम्ही विचारलंय. आम्ही आधी काय चाललंय ते मोजतो, आणि मोजायला लागणारं सगळं तुमच्याच पत्रात आहे. १५ किलोचा पीपा अडीच महिने, म्हणजे महिन्याला ६ किलो. पाच माणसं, तीस दिवस: माणशी रोज ४० ग्रॅम तेल. यात दुकानातला दुपारचा समोसा नाही, रविवारचं सावजी बाहेरून येत असेल तर तेही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या आहाराला वरून घातलेलं तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम धरलंय. तुमच्या घरासाठी आम्ही तेल २० ग्रॅम आणि तूप एक चमचा म्हणजे ५ ग्रॅम, असं धरतो.

पाच जणांचे रोज १०० ग्रॅम म्हणजे साधारण ११० मिली. औषधाच्या मापानं मोजून तेवढं तेल सकाळी एका छोट्या बाटलीत काढा. दिवसभराचा सगळा स्वयंपाक त्याच बाटलीतून. पीपा वर माळ्यावर. पीपा ओट्याजवळ असला की पळी त्यात जातेच. खरं म्हणजे पीपा आणूच नका, उन्हाळ्यात आपल्याकडे उघडा पीपा अडीच महिने ठेवला की तेलाला वास धरतो. एक-एक लिटरची पाकिटं घ्या. महिन्याला सव्वातीन लिटर पुरायला हवं.

पहिल्या आठवड्यात हे जमणार नाही, आणि कुठे अडेल तेही सांगतो. पोळ्यांत. पंधरा पोळ्या, घडीत अर्धा-अर्धा चमचा तेल, की साडेसात चमचे गेले. म्हणजे बाटलीचा तिसरा भाग भाजीला फोडणी पडायच्या आधीच संपला. घडीत तेलाऐवजी कोरडं पीठ भुरभुरा, नाहीतर फुलके करा, आणि एक वेळ ज्वारीची भाकर. दुसरी अडचण, भाजी खाली लागते. जाड बुडाची कढई, मंद आंच, आणि झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची जुनी पद्धत. गवार, ढेमसं, वांगं, पत्ताकोबी, सगळं अशा वाफेत दोन चमचे तेलात होतं. कोरडं वाटलं तर झाकणावरचंच गरम पाणी दोन चमचे आत टाका.

कोणतं तेल? घाण्याचं की रिफाइंड, हा वाद आपल्याकडे जितका रंगतो तितका फरक हृदयाला पडत नाही. घाण्याच्या तेलात वास, चव आणि थोडं ई जीवनसत्त्व जास्त टिकतं, पण फल्ली (शेंगदाणा) तेलातले फॅट घाण्यातून आले काय आणि कारखान्यातून आले काय, तेच असतात, कॅलरीही तितक्याच. दुप्पट पैसे देऊन आणलेलं तेल "शुद्ध आहे" म्हणून दुप्पट ओतलं गेलं की झालं! सोयाबीन वाईट नाही. चवीसाठी आलटून-पालटून फल्ली, करडई, मोहरीचं आणा. पाम तेलात जवळपास निम्मं आणि खोबरेल तेलात त्याहून बरंच जास्त संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारं फॅट असतं. ही दोन रोजच्या फोडणीला नकोत. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा तळायला नको. ते काळपट, चिकट झालं, फेस धरायला लागलं, लवकर धुरायला लागलं, म्हणजे त्यातले घटक तुटून घातक संयुगं तयार झाली. एकदा तळलेलं गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा आणि ते त्या दिवसाच्या ११० मिलीतच धरा.

दुकानातल्या समोशाचं मात्र तुमच्या हातात नाही. मोठ्या समोशात तीनेक चहाचे चमचे तेल-डालडा सहज असतो, आणि कढईतलं ते तेल सकाळपासून कितव्यांदा तापलंय हे कुणी सांगत नाही. जानेवारी २०२२पासून तेल-वनस्पतीत ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे, पण पामचा वनस्पती म्हणजे संपृक्त फॅट, ते आहेच. डब्यात मूठभर फुटाणे, थोड्या फल्ल्या आणि एक संत्रा द्या. सालीसकट भाजलेले फुटाणे, खारवलेले नकोत.

तूप बंद करायचं का? नको. पण चमचा मोजा आणि दुधाकडे बघा. एका चमचा तुपात, ५ ग्रॅममध्ये, साधारण ३ ग्रॅम संपृक्त फॅट असतं. एलडीएल वाढलेल्या माणसानं दिवसभरात १३-१४ ग्रॅमच्या आत राहावं. म्हणजे वरणभातावरचा एक चमचा बसतो, पोळीवरचा, शिऱ्यातला आणि साबुदाण्यातला मिळून बसत नाही. म्हशीचं साय न काढलेलं दूध ३०० मिली प्यालं तर मात्र ही मर्यादा जवळपास एकट्या दुधातच संपते. चहा, दही, रात्रीचा ग्लास मिळून तेवढं होतंच. टोन्ड दूध आणा, किंवा तापवून गार करून साय काढा. साय काढली, विरजली, लोणी केलं, तूप कढवलं आणि परत पानात वाढलं, तर घरातून गेलं काहीच नाही. हेही होतं बरं का. दही घरी टोन्ड दुधाचं लावा.

मीठ. किलोचा पुडा २५ दिवस, पाच माणसं, म्हणजे माणशी ८ ग्रॅम. लोणचं, पापड, फरसाण, सावजी रस्सा हे वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. तुमचा पुडा ४० दिवस पुरायला हवा, आणि बाहेरचं खाणं धरलं तर ५० दिवसांचं लक्ष्य ठेवा. एकदम कापू नका, पहिल्याच दिवशी मुलं ताट सरकवतील. आधी भाताच्या पाण्यातलं आणि कणकेतलं मीठ बंद करा. महिन्याभरात ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. मग भाजी-वरणातलं दर आठवड्याला थोडं उतरवा. जिभेला नवी चव बसायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर लिंबू, चिंच, भरपूर सांबार (कोथिंबीर) आणि लसूण यांनी निभवा. ८ वरून ५ ग्रॅमवर आलं तर वाढलेल्या वरच्या बीपीत काही अंकांची घट मिळते. थोडी वाटली तरी ती रोजची असते.

सैंधव मीठ हा उपाय नाही. त्यातही बहुतांश सोडियम क्लोराइडच असतं, आणि आयोडीन मात्र नसतं. "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं. ते मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना धोक्याचं ठरू शकतं. सासूबाईंना गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पाकीट घरात आणू नका.

साखर पाच किलो म्हणजे माणशी ३३ ग्रॅम. ती ३ किलोवर आणा. यजमानांचं २१० ट्रायग्लिसराइड तेलापेक्षा साखर, मैदा, भाताचा डोंगर आणि पोटाच्या घेरामुळे वाढतं. दुकानात पाहुण्यागणिक चहा होतो. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, की हिशेब संपला. दोन कप अर्ध्या साखरेचे, बाकीचे "मी आत्ताच घेतला". गूळ आणि मध इथे साखरच धरायचे. हा आकडा सर्वांत आधी उतरतो, माणसाला हुरूप येतो, म्हणून हे लवकर करा.

आता वाढवायचं काय. एलडीएल उतरवायला पाण्यात विरघळणारा चोथा लागतो. तो आतड्यात चिकट होतो, पित्ताला धरून बाहेर नेतो, आणि नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं कोलेस्ट्रॉल ओढून घ्यावं लागतं. ओट्सची जाहिरात याच गुणावर चालते. पण हाच चोथा जवात आहे. चक्कीवर तीन किलो गव्हाला एक किलो जव घालून दळून आणा. रोज दीडशे ग्रॅम पीठ पोटात गेलं तर त्यातून दीडेक ग्रॅम तरी हा चोथा मिळतो. पोळी जरा चिवट आणि किंचित काळसर होते, कोमट पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेवा. याच्या जोडीला डाळी-उसळी. पाच जणांना दिवसभरात मिळून कच्च्या ३०० ग्रॅम डाळी-कडधान्यं लागू द्या. पातळ वरणानं हे होत नाही. एक वेळ घट्ट वरण, एक वेळ मटकी, चवळी, हरभरा किंवा हिवाळ्यात ओल्या तुरीचे सोले, पोपटीचे दाणे. तर्री-पोह्यातले चणे हीच त्या प्लेटमधली सर्वांत चांगली वस्तू आहे. घरी करा, चणे दुप्पट, पोहे निम्मे, तर्री चमचाभर.

भाजी आठवड्याला दहा किलो आणायला लागेल, माणशी रोज ३०० ग्रॅम. पाचशे ग्रॅमच्या पालकाची जुडी पाच जणांत शिजून वाटीभर होते, तेव्हा दहा किलो ऐकायलाच जास्त वाटतात. संत्री हंगामात रोज दोन, फोडी करून. रस काढला की ग्लासात तीन-चार संत्र्यांची साखर येते आणि चोथा कचऱ्यात जातो.

आणि जवस. विदर्भात जवस पिकतो, आपण चटणी करतो, आणि लोक "ओमेगा थ्री" म्हणून महागड्या कॅप्सूल घेतात. जवसातला ओमेगा थ्री आणि माशाच्या तेलातला एकच नाही. जवसातल्याचा थोडाच भाग शरीरात तसा बदलतो. तरी चोथा आणि चांगलं फॅट एकत्र मिळतं, म्हणून रोज एक मोठा चमचा, दहा ग्रॅम, ठेवा. १०० ग्रॅम जवस जाड कढईत मंद आंचेवर हलवत भाजा. आधी तडतड वाढते, मग मंदावते. मंदावली की लगेच उतरवा, पुढे गेला की कडू होतो. त्याच कढईत एक चमचा जिरं, चार सुक्या भिवापुरी मिरच्या, सहा लसूण पाकळ्या कोरड्याच परता. गार झाल्यावर अर्धा चहाचा चमचा मीठ घालून वाटा. भरड चालेल, पण अख्खा दाणा राहू नये. अख्खा जवस चावला गेला नाही तर जसा गेला तसा बाहेर येतो. घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये, आठ-दहा दिवसांपुरतीच करा. जवसाचं तेल हवा लागली की चटकन खवट होतं आणि सुकून घट्ट बसतं, म्हणूनच ते रंगात-वॉर्निशात वापरतात. चटणीला रंगाच्या डब्यासारखा वास आला की फेकून द्या. आणि चटणीत खड्डा करून वरून कच्चं तेल ओतायची आपली सवय! त्याऐवजी घरचं दही. सोबत पाणी पुरेसं प्यायचं.

रविवारच्या सावजीचं काय, हा प्रश्न यजमानांचा असणार. महिन्यातून एकदा, आणि घरी. सावजीची चव भाजलेल्या मसाल्यात असते; तर्री ही दिसायची गोष्ट. पाच जणांना पाऊण किलो मटण, पांढरी चरबी खाटकाकडूनच काढून घ्या. दोन कांदे थेट जाळावर भाजा, खोबरं नेहमीच्या निम्मं घ्या (सुक्या खोबऱ्यातलं फॅट बहुतेक संपृक्तच), दाटपणाला दोन चमचे फुटाण्याचं पीठ. मोठे तीन चमचे तेल. इथे मसाला जळतो, कारण तेल कमी असतं आणि हात जुन्या सवयीनं आंच मोठी ठेवतो. मंद आंचेवर मसाला टाका, खाली धरू लागला की गरम पाण्याचा हबका मारा, पुन्हा परता, पुन्हा हबका, असं चार-पाच वेळा, रंग गडद होईपर्यंत. मग मटण. शिजल्यावर दहा मिनिटं न ढवळता ठेवा आणि वर आलेली तर्री पळीनं कडेनं काढून घ्या. आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलं तर चरबी वर गोठते, उचलून टाकता येते. उरलेल्या तीन रविवारी पाटोडी रस्सा याच पद्धतीनं, किंवा गोळाभात. वडाभात सणाला ठेवा. वडे तळलेले आणि वर हिंगाचं कढत तेल, एका पानात दिवसाची बाटली रिकामी होते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या काढ्यानं "ब्लॉकेज उघडतात" हे खरं नाही, आणि का नाही हे एकदा नीट समजून घ्या. रक्तवाहिनीतला अडथळा नळात साचलेल्या गाळासारखा आत चिकटलेला नसतो. कोलेस्ट्रॉल वाहिनीच्या अस्तराच्या खाली, भिंतीत शिरून साचतं, वर्षानुवर्षं. एक दिवस ती गाठ फुटते, तिच्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते, तो अटॅक. लिंबू-व्हिनेगर पोटात जातं, भिंतीतली गाठ विरघळवत नाही. आम्लपित्त मात्र वाढवतं, आणि मोठा चमचाभर मध म्हणजे १७ ग्रॅम साखर. लसूण भाजीत रोज दोन-तीन पाकळ्या जरूर. लसणाच्या कॅप्सूल मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर नकोत, रक्तस्राव वाढू शकतो.

लौकीचा रस तर आम्ही स्पष्ट नको म्हणू. कडू लौकीत कुकर्बिटासिन नावाचं विष असतं. उलट्या, पोटात असह्य कळा, रक्ताची उलटी, बीपी कोसळणं असे प्रकार होऊन माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं यावर सूचना केली होती: आधी फोड चाखा, कडू लागली तर टाका, आणि दुसऱ्या रसात मिसळू नका, कारण कडूपणा झाकला जातो. लौकीची भाजी करा, तीही कडू लागली तर पातेलंभर फेकून द्या, "वाया जाईल" म्हणून खाऊ नका. अर्जुनाच्या सालीवर लहान अभ्यास झालेत, औषधाची जागा घेईल इतका भक्कम आधार नाही. घ्यायचीच असेल तर वैद्यांच्या देखरेखीखाली आणि आपल्या डॉक्टरांना सांगून.

वजन ७८, उंचीच्या मानानं बरंच जास्त आहे. तीन महिन्यांत चार-पाच किलो उतरलं तरी ट्रायग्लिसराइड आणि शुगर दोन्हींवर फरक दिसतो. कंबर मोजा, पँटचा नंबर धरू नका: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. भारतीय पुरुषात ९० सेंटिमीटरच्या आत हवी. चालणं आठवड्यात दीडशे मिनिटं, बोलता यावं पण गाता येऊ नये इतक्या वेगानं. मे महिन्यात सकाळी सातच्या आधी, नाहीतर रात्री जेवणानंतर कॉलनीतच; पंचेचाळीस अंशात अंबाझरीला फेऱ्या मारायचा हट्ट नको. आणि दुकानात दर तासाला गादीवरून उठून एक थान स्वतः काढून द्यायचं, नोकराला सांगायचं नाही.

बीपी घरी मोजा. दंडाला बांधायचं मशीन, मनगटाचं नको. अर्ध्या तासात चहा, खर्रा काही नाही; पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, हात टेबलावर छातीच्या पातळीला, पाय जमिनीवर, गप्पा बंद. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी १३५/८५ किंवा वर आली, तर ती वही डॉक्टरांना दाखवा. गालात तोबरा असताना मोजलेल्या आकड्यावर निर्णय होऊ नये, वर किंवा खाली दोन्ही बाजूंनी.

आता गोळी. हे सगळं नेमानं केलं तर एलडीएल दहा ते पंधरा टक्के उतरावं अशी अपेक्षा ठेवा, म्हणजे १४८चं १२६ ते १३३. ते शंभराच्या खाली जाईल, असं आश्वासन आम्ही देणार नाही. वडील ५५च्या आत गेलेले, बीपी, तंबाखू, काठावरची शुगर, कमी एचडीएल, हे सगळं एकत्र धरून डॉक्टर स्टॅटिन (कोलेस्ट्रॉल उतरवणारी गोळी) सुरू करा म्हणाले तर नाही म्हणू नका. नैसर्गिक हवं असेल तर हेही सांगून ठेवा: जपानचे अकिरा एंडो यांना १९७०च्या दशकात पहिलं स्टॅटिन एका बुरशीत सापडलं. गोळी सुरू झाली की बाटली आणि चमचा बंद करायचे नाहीत. आणि शेजारी घेतात म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन स्वतःहून सुरू करायची नाही, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्ट्रॉलची तपासणी) पुन्हा कराल, तेव्हा दहा-बारा तास उपाशीपोटी, आदल्या रात्री लग्नाचं जेवण नको, ताप येऊन गेला असेल तर काही आठवडे थांबा. सोबत एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची) करून घ्या. थायरॉइड मंद असलं तरी एलडीएल वाढतं आणि मग सगळा दोष तेलाला जातो. एकूणमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा बघा, आज तो १९० आहे, १३०च्या खाली हवा. लायपोप्रोटीन-ए (कोलेस्ट्रॉल वाहणारा, आनुवंशिक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा पुरते. वडिलांचा इतिहास बघता डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. दिरांनीही चाचण्या करून घ्याव्यात, वडील त्यांचेही तेच.

या तीन महिन्यांत कधीही छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, दरदरून घाम, धाप, किंवा कधी न झालेला असा "गॅस" वाटला, तर सोडा-लिंबू घेऊन वाट बघत बसू नका. १०८ला फोन करा, ईसीजी जिथे लगेच होईल तिथे न्या, आणि यजमानांना स्कूटर चालवत जाऊ देऊ नका.